शंट

माधवनगर रोडच्या टेस्टिंग लॅबमध्ये
माझ्या टेबलावर बावीस वर्षं शंट आहेत.
दोन पितळी ठोकळे, मध्ये मँगनीनच्या पट्ट्या,
वर कोरलेलं : ५०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्ट.
नव्या पोरांना सांगतो,
मीटर नाजूक असतो रे,
सगळा करंट त्याच्या अंगावर घातला तर जळेल.
बाजूनं वाट करून द्यायची.
मीटरनं थेंबभर चाखायचं
आणि बाकीच्याचा हिशोब सांगायचा.

मिरजेत डॉक्टर मगदूम म्हणाले, शंट टाकावा लागेल.
मी म्हटलं, किती अँपिअरचा?
तोंडातून निघून गेलं.
ते हसले नाहीत. बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही.
सन्मती तेव्हा अकरा महिन्यांची.
एकही टोपी बसत नव्हती डोक्याला,
टाळू घट्ट,
डोळे सारखे खाली झुकलेले,
बुबुळांवर पांढरं दिसायचं.

त्यांनी केसपेपरच्या मागं काढून दाखवलं :
कानामागं झडप,
मग कातडीखालून नळी, मान, छाती, थेट पोटात.
इथलं पाणी तिथं. शरीर शोषून घेतं.
मी पेनाच्या रेघेत रेझिस्टन्स शोधत राहिलो.

सासरे रेल्वेतले, रिटायर पॉइंट्समन.
रात्री दोनला वॉर्डच्या खिडकीशी उभे.
यार्डात इंजिन डबे ढकलत होतं,
कपलिंगचा धाडकन आवाज
एकेका डब्यातून लांब लांब जायचा.
"शंटिंगच न्हवं?" म्हणाले.
"मग काय भ्यायचं.
मेन लाइन मोकळी करायची,
डबा बाजूच्या लाइनीला घ्यायचा."
आणि तंबाखूची डबी उघडून
तशीच मिटली.

दीड तासानं डॉक्टर बाहेर आले.
झडप चालू आहे, म्हणाले.
पोटात नळी जरा जास्त सोडलीय, वेटोळं करून.

माझ्या शंटच्या वायरींना लेबल असतं :
कापू नये, वाढवू नये.
वीतभर फरक पडला की रीडिंग खोटं.
जादा कशाला? मी विचारलं.

"वाढेल की ती."

आता दुसरीत आहे.
दर पाडव्याला दाराच्या चौकटीला उभी करतो,
पेन्सिलीची खूण,
आणि मनात वजाबाकी :
आत किती उरलं असेल वेटोळं.
पोरगी हळूच टाचा उचलते.
दिसतं मला.
खूण तिथंच करतो.