दहाची कुपी

बर्फ नाही आज.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा
पट्ट्याशिवाय नदी ओलांडली,
तरी खांदा आपला सवयीनं कललेला.
बाक्काय गाढव हाकता हाकता मागे बघतो,
"पेटी कुठंय, सीरा? लस विसरलीस?"
मी पिशवी उघडून दाखवते :
चपटी पाकिटं, उन्हानं कोमट.
त्याला पटत नाही.
कोमट लस म्हणजे त्याच्या लेखी
कालचं कालवण.

कोरड्या वाऱ्याचे दिवस.
सहाराची धूळ भुईमुगाच्या गंजींवर,
गाढवाच्या पापण्यांवर,
माझ्या वहीवर.
वहीत नावं बारा.
आंब्याखाली बाकावर बायका दोन.

पहिलीचं उरकलं.
दुसरी पेंदा.
मी तिला ओळखलं. तिनं मला
माझ्या आधीच ओळखलं असणार.
पाठीशी बांधलेलं शेंडेफळ, योरो,
मुठीत कसलंसं टरफल, सोडायला तयार नाही.

"एकटाच आहे," ती म्हणाली.
"चालेल?"

सहजच विचारलं असेल.

अकरा वर्षांपूर्वी कुपी दहाची होती.
एकदा फोडली की सहा तास,
मग उरलेली फेकायची,
आणि फेकलेल्या थेंबांचा जाब लिहायचा.
त्या दिवशी पलीकडच्या काठाला बाजार.
सगळ्या तिकडे गेलेल्या,
आली फक्त पेंदा, काखेत हावा,
नऊ महिने पुरे, दात दोन,
माझ्या पेनाला हात घालणारी.
एकीसाठी दहाची कुपी कशी फोडू?
म्हटलं, पुढच्या महिन्यात ये,
तेव्हा जास्त जणी असतील.

कुपी वाचली.
नेली तशीच बर्फातून परत आणली.
रजिस्टरात लिहिलं : नासाडी शून्य.
साहेबांनी त्याखाली बरोबरची खूण केली.

पुढच्या महिन्यात गोवर आला,
माझ्या दोन दिवस आधी.

टोचणं माझं काम.
किती दंड, किती मांड्या, किती किंकाळ्या,
मोजल्या नाहीत.
टोचणी मात्र एकच,
आणि ती अजून बाहेर आलेली नाही.

"चालेल," मी म्हणाले. "एकासाठी एकच असते आता."

चाचणीचा कागद तिच्या भाषेत वाचला, हळूहळू,
दोनदा.
तिनं अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकला.
मी माझा
योरोच्या मनगटावर.
बटणाएवढी चकती,
तिच्या आतल्या अंगाला सुया,
डोळ्यांना न दिसणाऱ्या,
बोटाला मांजराच्या जिभेसारख्या.
साखरेच्या आहेत, म्हणतात,
कातडीच्या ओलीत विरघळतात.
टक् वाजेस्तोवर दाबायचं,
मग पाच मिनिटं तसंच.

पाच मिनिटं किती लांब असतात
हे एका बाकावर बसलेल्या
दोन गप्प बायकांना विचारा.
कोंबडी येऊन गेली.
वाऱ्यानं कागद उडवला, मी पायानं दाबला.
योरोनं टरफल टाकलं,
माझी बांगडी धरली.

"रडला नाही," पेंदा म्हणाली,
तक्रार करावी तशी.
"औषध गेलं का मग?"

मी चकती सोलून तिच्या तळहातावर ठेवली.
तिनं त्यावर शाईचा अंगठा फिरवला.
गुळगुळीत.
"सुया?"
"त्याच्यात गेल्या."
"आत राहतील?"
"राहत नाहीत. विरतात."

ती चकतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
"बरंय," म्हणाली,
"काहीतरी विरतं."

आणि पोराला पाठीवर घेऊन,
कापडाची गाठ दोनदा आवळून,
गंजींमधल्या वाटेनं गेली.
वळली नाही. मी वाट बघितली होती.

वहीत लिहिलं : आले दोन, दिले दोन.
नासाडीच्या रकान्यात
शून्य काढायला पेन टेकवलं
आणि उचललं.

परतताना बाक्काय विचारतो,
"मग ती पेटी आता पडूनच राहणार?
मला दे. मासे राहतील."
देईन म्हटलं.
आधी धुऊन घेते.