एकतिसावं पान

सगुणबाब पोस्टातून निवृत्त झाले
आणि त्यांनी मगरीची कादंबरी लिहायला घेतली.
मनीऑर्डरच्या पाठकोऱ्या फॉर्मांवर, निळ्या शाईत,
दर प्रकरणाखाली एक गोल शिक्का: दुर्भाट.
(शिक्का त्यांनी परत केलेला नाही,
हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.)

चित्रं माझ्याकडे.
आजवर मी काढलेली: लग्नपत्रिकांवरचे गणपती,
फेणीच्या बाटल्यांची लेबलं,
पंचायतीसाठी 'येथे कचरा टाकू नये'.
म्हणाले, तुला चिखल काढता येतो, बाकी येईल.

चिखल येतो.
खाजणाचा चिखल काळा नसतोच.
ओला असताना निळसर, अंगठ्यावर सुकला की राख,
आणि मध्ये कुठेतरी, एका श्वासापुरता,
जांभळाच्या सालीचा.
बाटलीत भरून आणते, गाळते, डिंक घालते.
लाल विकत घ्यावा लागत नाही.
खनिजाच्या बार्जी जातात तेव्हा
खिडकीच्या पट्टीवर येऊन बसतो.

कादंबरीत मगर बांधाच्या पोटात झोपते.
तिची पाठ हाच बांध.
पौषात माणसं चिखलाची मगर थापतात,
शिंपल्यांचे डोळे, काटक्यांचे दात,
हात जोडून घरी जातात;
रात्री ती उठते आणि नदीशी बोलणी करते,
मीठ किती आत यायचं,
कुठल्या भरतीला दार लावायचं.
सगळं तोंडी. कागद नाही.
म्हणून तर सातव्या प्रकरणात घोटाळा होतो.
एक कागदवाला येतो. त्याला सावली नाही.
त्याच्या बॅगेत मोजपट्टी असते,
ती गुंडाळली की मोजलेली जमीनही गुंडाळली जाते.
त्याचं तोंड मी सहा वेळा खोडलं.
दर वेळी कुणीतरी ओळखीचं निघायचं.

पुण्याहून प्रकाशकाचं पत्र:
मगरीला पंख देता आले तर बघा,
मुलांना उडणारं आवडतं.
सगुणबाबांचं उत्तर एका ओळीचं.
आमची मगर जड आहे. बांधानं उडून चालत नाही.

काल शेजारचा इनास आला, आठ वर्षांचा,
मुठीत मीठ लावलेली बिमलं.
चिकट बोटांनी पानं उलटत गेला.
मगर बोलते? बोलू दे.
तिवरं रात्री मुळं उपसून पलीकडच्या काठाला जातात?
जातात, म्हणाला, आमच्या घरामागची गेलीत.
मोजपट्टीत गुंडाळलेली जमीन,
तिच्यावर तर तो थांबलाही नाही.

थांबला एकतिसाव्या पानावर.
तिथं जादू नाहीच. मी कंटाळून काढलेलं साधं पान:
कोरगुट भात पोटरीत आलेलं,
मानशीच्या दारावर विडी ओढत बसलेला एक माणूस,
आणि दाराबाहेर पाणी,
हाक मारेपर्यंत थांबलेलं.

'हें खंयचें?'

मी खिडकीतून दाखवलं.
त्यानं पाहिलं.
बांध फुटल्याला नऊ वर्षं. सपाट पाणी,
मधोमध एक खांब,
त्यावर पंख वाळवत पाणकावळा.
मग पुस्तकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.
'फट,' म्हणाला,
रागानं नाही; मोठं माणूस थाप मारताना सापडलं
की मुलं समजून घेतात तसं,
आणि एक बिमल माझ्या हातावर ठेवलं.

संध्याकाळी सगुणबाबांना सांगितलं.
मला वाटलं, म्हणतील, ते पान काढून टाक.
त्यांनी शाईची डबी उघडली,
थुंकी लावून गादी ओली केली
आणि एकतिसाव्या पानाच्या कोपऱ्यात शिक्का मारला.
गावाचं नाव उमटलं. तारीख लागली नाही.

मग चष्मा वर सारून विचारलं,
मगरीच्या मागच्या पायाला बोटं किती?
पाच, मी म्हटलं.
चार. तू सगळीकडे पाच काढली आहेस.

आज सकाळपासून
मी पाचवी बोटं खोडते आहे.