सुटे सहा सेंट

(डुलूथ, सरोवराकाठी, १९०९)

गल्ला माझ्या हाती, पण दुकान मी पाहिलेलं नाही.
मागच्या जिन्यानं येते, मागच्याच जिन्यानं जाते.
चौथ्या मजल्यावर छताखाली आमची खोली:
सहाजणी, एक खिडकी, तीही भिंतीकडे तोंड करून,
आणि जमिनीतून वर आलेल्या पितळी नळ्या, बावीस.

खाली कुणी हातमोजे घेतं,
नळी खोकते,
माझ्या परडीत धपकन पडते वीतभर डबी.
उघडायची. पावती. पैसे.
मोजून, शिक्का मारून, सुटे घालून
पुन्हा वाऱ्याच्या तोंडी द्यायची.
माणसं अशी येतात माझ्याकडे,
घरंगळत, आकड्यांतून.

ऋतूसुद्धा.
दर्शनी काचेतल्या पुतळ्यांच्या डोक्यांवरून
रविवारी रात्री गवती हॅट उतरल्या म्हणे.
मला कळलं सोमवारी, सव्वानऊला:
फ्लॅनेल, आठ वार. फ्लॅनेल, बारा वार.
लोकरी पायमोजे, काळे, अर्धा डझन.
शेगडीच्या धुराड्याचा बाक, एक.
मुरांब्याच्या बरण्यांची रबरी कडी.
दिव्याच्या काचा, दोन;
तासाभरानं त्याच नावावर आणखी एक.
ट्राममध्ये फुटली असणार.

कोटांच्या काउंटरवर डेलिया क्विर्क.
तिच्या सातला शेपूट असतं.
तो सात मी कुठेही ओळखीन,
तिला नाही.

सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी तिच्या अक्षरात:
पुरुषाचा ओव्हरकोट, करडा, माप चव्वेचाळीस,
बारा डॉलर. राखून ठेवणे. जमा एक.
मिसेस वुकेलिच.
डॉलर चांदीचा, ओलसर,
धुण्याच्या साबणाचा वास येणारा.

मग दर शनिवारी, चारच्या सुमारास, तसाच एक.
चव्वेचाळीस म्हणजे
दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस.
गोदीवर असेल, खनिजाच्या लाल धुळीत.
मी त्याला मिशा दिल्या.
थंडीनं सोललेले कान दिले.
"काय मोजतेस इतका वेळ, सायमा?"
मिस गॅडस्बी मागे येऊन उभी.
"एक," मी म्हटलं.

आठव्या शनिवारी डबी हलकी आली.
आत नुसता कागद.
करडा कोट रद्द. जमा सातमधून:
बायकी कोट, किरमिजी, माप छत्तीस, सहा पंचवीस.
गजराचं घड्याळ, एक, एकोणसत्तर सेंट.
परत द्यायचे सहा.

गेला म्हणावं,
तर काळं कापड घेतलं असतं.
सोडून गेला म्हणावं,
तर नोव्हेंबरच्या तोंडावर, अंगावर कोट नसताना, कुठे?
की त्यानंच म्हटलं,
मला काय करायचाय, तूच घे?
असंही होतं. माझ्या आईच्या बाबतीत नाही झालं,
पण होतं.
आणि घड्याळ?
उठवणारं माणूस उरलं नाही म्हणून,
की आता तिलाच पहाटे कुठे जायचंय?

पावतीवर कारणाचा रकाना नसतो.

नळ्या खोकत होत्या. परडीत पाच डब्या साचलेल्या.
तरी मी खण उपसून
या वर्षीचे, कोरे, तांबूस सहा सेंट निवडले.
इतकंच मला करता येण्यासारखं होतं,
आणि तिच्या ते लक्षातही आलं नसेल.

त्या रात्री पहिल्यांदा
पुढच्या दारानं बाहेर पडले.
कोटांचे सांगाडे चादरींखाली झाकलेले,
पितळी नळ्या इथे खाली किती बारीक दिसतात.
करडा चव्वेचाळीस कोपऱ्यात, बाहीला चिठ्ठी.
चिठ्ठी पाहिली. नाव खोडलेलं.
बाहीत हात घातला तो कोपरापर्यंत गार.

आता ट्राममध्ये किरमिजी काही दिसलं
की मी मान वळवते.
काल एक दिसली, छातीशी पार्सल धरलेली,
उतरताना कुणावर तरी हसली.
ती असेल.
नसेलही.
त्या रंगाचे चार विकले आम्ही,
चारही मीच मोजलेत.