अवघड जागा

एकतीस वर्षं मी लेमरच्या कालव्यावर दारं उघडली, मिटली.
एका बाजूचं पाणी वर, दुसऱ्या बाजूचं खाली,
मधे मी, वीब्रन, आणि हातात लोखंडी चाक.
थेंब गळला तर रात्री कंदील घेऊन शोधायचो
कुठल्या फळीला फट आहे ते.

आता खोकलो की गळतो.
खुर्चीतून उठलो की.
नातवाच्या फालतू विनोदाला हसलो की.
फेब्रुवारीत प्रोस्टेट काढलं. डॉक्टर म्हणाले, झकास झालं.
झकासच झालं. कर्करोग गेला,
जाताना घरातली दोन कामं बिघडवून गेला.
बाउक्ये रात्री माझ्याकडे पाठ करत नाही.
मीच करतो.

तर, फिजिओथेरपी.
मला वाटायचं ती गुडघ्याची असते. फार तर खांद्याची.
खोलीत एक मोठा चेंडू, कमरेचा प्लॅस्टिकचा सांगाडा,
आणि यित्स्के.

यित्स्के! हिच्या बापाची वाळूची बोट
आठवड्याला दोनदा जायची माझ्यासमोरून.
टोलसाठी मी काठीला बांधून लाकडी बूट खाली सोडायचो
आणि ही, पाच वर्षांची,
नाण्याऐवजी त्यात कोटाचं बटण टाकायची.
अवघड जागेचं दुखणं, आणि वैद्य ओळखीचा.
मी टोपी हातात फिरवत राहिलो.

सांगाड्यात बोट घालून ती म्हणाली,
इथे, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत
झोळीसारखे स्नायू असतात. सगळा भार त्यांच्यावर.
थंडीत तळ्यात कमरेपर्यंत शिरताना
सगळं आपसूक वर ओढून घेता ना, वीब्रनकाका?
तसं. आणि श्वास कोंडू नका.

मी ओढलं.
ढुंगण आवळलं, जबडा आवळला, मुठीसुद्धा.
ती हसली नाही.
म्हणाली, हे सगळे शेजारी उगाच धावून आलेत,
त्यांना घरी पाठवा.

मग दात घासताना, बटाटे सोलताना,
चर्चमध्ये, तोंड गंभीर ठेवून.
चार आठवडे काही नाही. मी फोन केला: दार सडलंय.
ती म्हणाली, तुम्ही दिवसभर बंदच ठेवताय.
सोडायलाही शिका.
न उघडणारं दार तुमच्या कालव्यावर
किती दिवस चाललं असतं?

हे मला कळायला हवं होतं. पगार त्याचाच घेत होतो.

आणि ते दुसरं? पुढच्या वेळी मी विचारलं, खिडकीकडे बघत.
तिने बटाट्याचा भाव सांगावा तसं सांगितलं:
तिथेही हेच स्नायू कामाला येतात,
नसांना मात्र वेळ लागतो, वर्ष, दीड वर्ष,
कधीकधी पूर्वीसारखं होतही नाही.
बायकोशी बोललात?

नव्हतो बोललो.

परवा बोललो. दिवा घालवून, छताशी.
बाउक्ये बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
मला वाटलं, मी म्हातारी दिसायला लागले.
मला हसू फुटलं, तिच्याकडे वळता वळता
एक थेंब.
कंदील घ्यायला उठलो नाही.