कारूच्या पठारावर, सप्टेंबर संपताना

ट्रायपॉडला तिनं मेंढ्यांच्या मिठाची पिशवी टांगलीय,
वाऱ्यानं हलू नये म्हणून.
लेन्सला लोकरीचा मोजा. नवऱ्याचा, डाव्या पायाचा.
उजवा कुत्र्यानं नेला.

हेस्टर फिसाखी उत्तरेला तोंड करून बसते.
इथून ध्रुव दिसतच नाही;
मांडीवरून उठवलेलं आमचं ते पोर
क्षितिजाखाली कुठंतरी बसलंय अढळ.

दोन मिनिटं शटर उघडं.
मग पडद्यावर रेवतीचे तारे, ओरखडे झालेले,
सगळे एकाच अंगाला तिरके,
आणि त्यांच्यात चार ठिपके. जागचे न हललेले.

"हे माझे," ती म्हणते.

एकोणीस वर्षं तिनं गावाचं टेलिफोन एक्स्चेंज चालवलं.
कोणाची मुलगी केपटाऊनहून रडते,
लोकरीचा भाव कोण खोटा सांगतो,
सगळं त्या वायरींतून जायचं, तिच्या बोटांखालून.
आता ते छत्तीस हजार किलोमीटर वर जातं
आणि कोणी ऐकत नाही.
निदान ती तरी नाही.

बारा वाजून चार मिनिटांनी
पृथ्वीची सावली तिथवर पोचते.
पुढच्या फोटोत तीन.
मग दोन.
"लाइन गेली," हेस्टर वहीत लिहिते, वेळेसकट,
आणि थर्मासचं झाकण माझ्याकडे सरकवते.
कॉफीत साखर विसरलीय.

तासाभरानं येतील परत, तिला ठाऊक आहे.
पवनचक्की करकरते, थांबते.
ती बटणावरचं बोट काढत नाही.
पलीकडच्यानं फोन ठेवला नाहीये अजून.