त्रेचाळीस होकार

बिएन्होआच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
टेबलाच्या मधोमध एक स्क्रू ठेवलाय.
त्याच्या दरावरून सकाळपासून
कुणीही भांडलेलं नाही.

कुवाबारासान दातांच्या फटीतून हवा आत ओढतात.
नुसती हवा.
खिएम साहेब माझ्याकडे बघतात, काय म्हणाले?
"जरा अवघड आहे म्हणतात," मी सांगते.
अकरा वर्षं झाली, हवेला शब्द पुरवतेय.

त्यांच्या भाषेत 'मी' बोलता बोलता गळून जातो,
आमच्यात 'तुम्ही' म्हणायचं तर आधी वय विचारावं लागतं.
म्हणून पहिला अर्धा तास जन्मसालं, मुलं, गुडघेदुखी.
कुवाबारासान वर्षाने मोठे निघाले,
थोरले भाऊ झाले.
दर होता तिथेच.

मग तिकडून "हाय", इकडून "या".
दोन्हींचा अर्थ एवढाच, की कान इकडे आहे.
मी वहीच्या कडेला रेघा ओढत गेले,
त्रेचाळीस होकार,
आणि त्यात हो म्हणून एकही नाही.

लिफ्टचं दार मिटेपर्यंत सगळे वाकून उभे.
"जमलं ना?" खिएम साहेब विचारतात.
मी स्क्रू उचलून त्यांच्या हातात देते.

संध्याकाळी बसथांब्यावर आईचा फोन.
"जेवलीस?"
"हो."
ती जरा थांबते.
"बरं. भात झाकून ठेवते."