अनुक्रमांक सत्तेचाळीस

मार्चअखेर यादी द्यायची आहे.
लष्करातल्या पन्नास जुन्या इमारती माझ्या वाट्याला.
फॉर्म हिंदीत, विचारपूस मराठीत,
आणि ती मराठी अशी
की पुण्याची वहिनी अजून ओठ दाबून हसते.

सेहेचाळीस झाल्या.
एका दवाखान्यात आता मतपेट्या झोपतात,
एका तबेल्यात कोचिंग क्लास,
एका झरोक्यात कूलर इतका घट्ट बसलाय
की घरमालक म्हणाले, काढला तर भिंतच येईल.
मी लिहिलं : वर्तमान उपयोग, कूलर.
साहेबांनी खोडलं.

सत्तेचाळिसावी बिगुलवाल्यांची कोठी.
टेप, कॅमेरा, पाण्याची बाटली घेऊन पोचले
तर तिथे आकाश.
खाली सोळा मोटारी आणि पावती फाडणारा पोरगा.
"दिवाळीलाच पाडली," तो म्हणाला,
"तुम्हाला दहा रुपये."

परत वळणार, तेवढ्यात समोरून
इंदुताई भोगलेकर खुर्चीसकट उठल्या.
"लिही. पायऱ्या सात.
सासूबाई दारात उभ्या, मी खाली, गुडघे लटपटत.
उजव्यानं सुरुवात, उजव्यानं शेवट.
बरोबर सात."

"नौ थीं," रफीकमियाँ शिलाई न थांबवता.
अब्बांचं दुकान कोठीच्या ओट्याखाली होतं.
सगळ्यात खालच्या पायरीवर बसून
त्यांनी बँडवाल्यांच्या कोटांची काजं केली होती,
लाल कोट, एकेकाला अकरा.
"काजं अकरा, पायऱ्या नौ.
हे आकडे मी विसरणार?"

मग जे झालं ते फॉर्ममध्ये मावत नाही.
पिठाच्या गिरणीतून दोन माणसं आली.
कुणी जाळीचं बोललं, ती म्हणे दिल्लीच्या हॉटेलात आहे,
कुणी वरच्या मजल्यावरच्या मुक्या पाहुण्याचं,
ज्याला फक्त सायंकाळचा बिगुल ऐकू यायचा.
सात. नौ. सात.
इंदुताईंचा आवाज चढला,
रफीकमियाँनी मशीनवरून पाय काढला.

चहावाल्याच्या बाकावरून बेतालसिंग खोकला.
चौतीस वर्षं नगरपालिकेच्या डांबराच्या गाडीवर.
"दोघंही खरं बोलताय.
सडक मीच वर आणली.
दर निवडणुकीला एक थर.
बाईंच्या लग्नाआधीच
दोन पायऱ्या गिट्टीखाली गेल्या होत्या."
मग जरा थांबून, जसं काही
कुणी जाब विचारलाय,
"फोडल्या नाहीत हं.
दगड चांगला होता. वरूनच टाकत गेलो."

कुणी काही बोललं नाही.
पोरगा पावत्या मोजत राहिला.
इंदुताई रस्त्याकडे बघत होत्या,
एखाद्या विहिरीत बघावं तशा.

वर्तमान स्थिती :
उत्तम, साधारण, जर्जर, नष्ट.
पेन्सिल चौथ्या चौकोनावर नेली,
तिथेच टेकवून ठेवली बराच वेळ.
मग शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
मराठीत, कारण दुसरं सुचेना :
दोन पायऱ्या शिल्लक.
मोजमाप घेता आले नाही.

साहेब खोडतील. खोडू देत.
दहा रुपये दिले, पावती घेतली,
आणि निघताना स्कूटर
थोडी कडेनं घेतली.